इथे मारा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. टेबलावर ठेवायचा, लोखंडी डब्यातला, शेजारी वेगळा पडदा असलेला. माझ्या डाव्या कुशीला एक खोलगट पोचा आहे आणि तिथला रंग पार उडाला आहे. हा पडला होता का, असं मला पाहणारे विचारतात. मित्रांनो, मी पडलोही, पण ते नंतर. हा पोचा एका माणसाच्या तळहाताचा आहे. माझा स्वभाव तसा गोड नाही. इतका मार खाल्ल्यावर कोणाचा राहील? तेव्हा माझी गोष्ट जरा तिखट लागली तर गोड मानून घ्या.

माझे अवयव वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आणि एका दुकानात एका माणसाने ते जोडले. माझ्या पोटात मागच्या बाजूला एक चौकोनी डबा आहे. भिंतीतली वीज आधी त्याच्याकडे येते आणि तो ती सगळ्यांना वाटून देतो. त्याच्यातून तारांचा एक जाड जुडगा निघतो आणि जुडग्याच्या टोकाला रुंद प्लग असतो. तो माझ्या मुख्य पाटीवर टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचा असतो. दाबता दाबता जोडणाऱ्याचा फोन वाजला. त्याने फोन कानाला लावला, एका हाताने प्लग कसातरी रेटला आणि त्याचं अडकवायचं नाक तोडून ठेवलं. टक् काही वाजलं नाही. त्याने माझं झाकण लावलं आणि तो मोकळा झाला. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ एवढंच होतं.

मी ज्या दुकानात आलो ते रेडियमचं दुकान होतं. गाड्यांवर चिकटवायचे आकडे, दुकानांच्या काचांवरची नावं, बाण, पट्टे, सगळं तिथे रंगीत चिकटकागदातून कापून मिळायचं. मालकाला सगळे रेडियमवाला म्हणत. पण माझ्यासमोर बसायची ती त्याची बायको. अक्षरं तिची होती. ती माझ्या पडद्यावर एकेक अक्षर असं वळवायची की बघत राहावं. तिने माझ्यासाठी झालरीचं कापडी आच्छादन शिवलं होतं. धूळ पुसताना ती माझ्याशी बोलायची. ते दिवस मी विसरलेलो नाही. माझं कौतुक करणारं माणूस मला आयुष्यात आधी भेटलं आणि मारणारं नंतर, हे माझं नशीब.

मग एका सकाळी मी सुरू झालो नाही. बटण दाबलं की माझा पंखा जरासा हलायचा आणि थांबायचा. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तेवढ्यात रेडियमवाला आला. "सरक बाजूला," म्हणाला आणि त्याने माझ्या कुशीत सणसणीत थप्पड लगावली. आतला अर्धवट प्लग हलला, जागेवर टेकला आणि मी सुरू झालो.

"बघितलंस?" तो म्हणाला. "याला हेच समजतं."

झालं. त्या सकाळी त्या दुकानात एक शास्त्र जन्माला आलं.

तसा त्याचा हात आधीपासूनच सैल होता. दुकानाचं शटर तो लाथेने उघडायचा, खण गुडघ्याने बंद करायचा, छताचा पंखा काठीने ढोसून फिरवायचा. त्या दुकानात मार न खाता चालणारी एकच वस्तू होती, भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही त्याचा हात पोचत नव्हता म्हणून. पण मला मारल्यावर मी लगेच सुरू व्हायचो, म्हणून मी त्याचा आवडता झालो. गिऱ्हाइकांना तो ही करामत दाखवायचा. गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. "शेठ, जरा जोरात, आज जेवला नाहीत वाटतं," अशी टिंगल चालायची. कोणीकोणी स्वतःच हात साफ करून घ्यायचं. शेवटी त्याने लाल चिकटकागदातून एक गोल कापला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इथे मारा' असं लिहून तो माझ्या पोच्यावर डकवला. दुकानभर हशा पिकला. खरं बटण पुढे आणि चालणारं बटण बाजूला, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

मित्रांनो, माझ्या पोटात एक चकती गरगर फिरत असते. माझी सगळी आठवण तिच्यावर असते आणि ती वाचणारी सुई तिच्यापासून केसभरही लांब नसते. प्रत्येक फटक्याला ती सुई चकतीवर आपटायची. मी सुरू व्हायचो हे सगळ्यांना दिसायचं. माझी आठवण ओरखडली जायची ते कोणाला दिसत नव्हतं.

बायकोला मात्र ते शास्त्र पटलं नव्हतं. एका दुपारी नवरा बाहेर गेला असताना तिने आपल्या भावाला फोन लावला. भाऊ वजनकाटे दुरुस्त करायचा.

"दादा, बटण दाबलं की पंखा हलतो आणि थांबतो."

"हलतो ना? मग वीज आतपर्यंत येतेय. भिंतीतली पिन काढ. काढलीस? आता पुढचं बटण थोडा वेळ दाबून धर, आत उरलेली वीज निघून जाऊ दे. मग झाकण उघड. पण त्या मागच्या चौकोनी डब्याला हात लावू नकोस, तो पिन काढल्यावरही झटका देतो."

"उघडलं."

"त्या डब्यातून सगळ्यात जाड जुडगा निघतो बघ. तो कुठे जातो?"

"एका रुंद प्लगात. अरे दादा, तो एका बाजूने वर आलाय."

"दाब मग. टक् वाजलं?"

"नाही वाजलं. याचं नाकच तुटलंय."

"मग तो पुन्हा सुटणार. मी येईन तेव्हा बदलतो. आदळआपट झाली नाही तर तोवर राहील नीट."

"आदळआपट झाली नाही तर," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

मग बरेच दिवस मी एका बोटाने सुरू होऊ लागलो. रेडियमवाल्याने छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "परवा एक लाथ घातली ना, सरळ आला बघा." ती टेबलापाशीच उभी होती. मला बोलता येत नाही याचं मला आयुष्यात जेव्हा जेव्हा वाईट वाटलं, त्यातली ही एक वेळ.

दुसरी वेळ बिट्टीमुळे आली. बिट्टी ही त्यांची मुलगी. शाळेतून आली की माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसून ती अभ्यास करायची. हुशार होती, चित्रं तर आईसारखीच काढायची. पण बोलताना अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठावर यायचं आणि तिथेच घुटमळत राहायचं. आई थांबायची, आणि थोड्या वेळाने शब्द पूर्ण बाहेर यायचा. बाप थांबत नसे. त्याला कशासाठीच थांबवत नसे.

पहिल्यांदा त्याने तिच्या डोक्यात टपली मारली तेव्हा ती दचकली आणि दचकून शब्द बाहेर पडला. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा खुलला. मी तो चेहरा ओळखत होतो. आपलं शास्त्र खरं ठरलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"मशीन असो नाहीतर पोर," तो बायकोला म्हणाला, "अडकलं की एक ठेवून द्यायची."

"अहो, ती मशीन नाहीये."

"मग बोलली कशी?"

टपलीची चापट झाली, चापटीची थप्पड झाली. बिट्टी जास्त अडखळू लागली, म्हणून ती जास्त मार खाऊ लागली, आणि जास्त मार खाल्ल्यामुळे आणखी अडखळू लागली. बाप बोलायला लागला की तिचे खांदे आपोआप कानापर्यंत वर जायचे. आई मधे पडली तर आईलाही बसायची. आतल्या खोलीतून येणारे ते आवाज मी ऐकले आहेत. त्यांचं वर्णन मी तुमच्यापुढे करणार नाही.

एक दिवस मात्र सांगायलाच हवा. गंमत म्हणून त्याने आणखी एक लाल गोल कापला आणि शाळेत निघालेल्या बिट्टीच्या पाठीवर हळूच डकवला. तिला कळलंच नाही. शाळेतली मुलं वाचता येणारी होती. संध्याकाळी ती परत आली तेव्हा आईने तिचा झगा काढला आणि तिच्या पाठीवरचे वळ बघून झग्यावरचा तो लाल गोल ओरबाडून काढला. मला तेव्हा इतकी तिडीक आली की माझ्यात वीज असूनही मी त्या माणसाला झटका का देऊ शकत नाही, असं वाटलं. हे चांगलं नाही हे मला कळतं. पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

मग तो दिवस आला. एक ठेकेदार आपल्या सगळ्या गाड्यांचे आकडे कापून घ्यायला आला होता आणि घाईत होता. बायको आत स्वयंपाकघरात होती, म्हणून रेडियमवाला स्वतः माझ्यासमोर बसला. बसताना त्याने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या पायाचा धक्का टेबलाखालच्या विजेच्या बोर्डाला लागला. माझी पिन बोर्डातून अर्धी बाहेर आली. त्याला ते कळलं नाही. स्टुलावर बसलेल्या बिट्टीने ते पाहिलं.

त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. मित्रांनो, पंखा जरासुद्धा हलला नाही आणि एकही दिवा लागला नाही, तर दोष आधी यंत्राच्या बाहेर शोधायचा असतो. त्याने तो माझ्या कुशीत शोधला. आधी थप्पड, मग मूठ. मग त्याने कागद कापायची पोलादी पट्टी उचलली आणि माझ्यावर सपासप चालवली. माझा पत्रा चिरला. ठेकेदार घड्याळाकडे बघत होता, आणि तो जितका घड्याळाकडे बघत होता तितके फटके वाढत होते.

बिट्टीने बापाची बाही ओढली. "बाबा, प... प... प..."

"काय प?"

"प... प..."

"अरे बोल ना काय ते," तो ओरडला आणि त्याच पट्टीच्या हाताने त्याने तिच्या तोंडावर उलटा तडाखा दिला.

ती स्टुलावरून उडाली. टेबलाच्या लोखंडी पायावर तिची भुवई फुटली आणि ती खाली बोर्डावर कोसळली. तिच्या खांद्याचा रेटा माझ्या पिनेला बसला. पिन आत गेली. वीज जाऊन परत आली की मी आपोआप सुरू व्हावं अशी सोय तिच्या आईनेच माझ्यात करून ठेवली होती. माझा पंखा फिरला, दिवे लागले, पडदा उजळला.

त्याने आधी पडद्याकडे पाहिलं.

"हं, झाला," तो ठेकेदाराला म्हणाला. "आत्ता देतो काढून." आणि तो कामाला लागला.

"अहो, पोरगी," ठेकेदार म्हणाला.

"उठेल. नाटकं असतात तिची."

आवाज ऐकून आई ओल्या हातांनी बाहेर आली. तिला टेबलाखाली नवऱ्याचे पाय दिसले आणि त्या पायांशेजारी बिट्टी दिसली. फरशीवर रक्त पसरत होतं. बिट्टीचे डोळे उघडे होते आणि ओठ अजून तेच अक्षर धरून होते.

"अहो, ती खाली पडलीय."

"माहितीये," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तो पिवळा कागद कुठे ठेवलास तू?"

ती खाली वाकली आणि माझी पिन उपटली. चालू यंत्राची पिन अशी खेचू नये, यंत्राला इजा होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला इजा झाली. पण आयुष्यात मला झालेली ती एकमेव इजा आहे जिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने बिट्टीला उचललं, पदर तिच्या भुवईवर दाबून धरला आणि ती दुकानाबाहेर पडली. ठेकेदारही तिच्यामागे निघाला, आपली गाडी घेऊन त्यांना दवाखान्यात सोडायला.

दुकानात तो आणि मी उरलो. त्याच्या हातात राग शिल्लक होता आणि समोर दुसरं कोणी नव्हतं. त्याने मला डोक्यावर उचललं आणि फरशीवर आपटलं. माझं झाकण उडालं. मग लाथा, मग हातोडा. पडद्याची काच फुटली. माझ्या पुढच्या तोंडाचे तुकडे शटरपर्यंत गेले. मारताना तो सारखं म्हणत होता, "तुझ्यामुळे, सगळं तुझ्यामुळे." त्याला दम लागला तेव्हाच तो थांबला.

संध्याकाळी बायकोचा भाऊ दारात उभा राहिला. "तिचे कपडे न्यायला आलोय," एवढंच म्हणाला.

"हे भंगार पण ने," रेडियमवाल्याने मला पायाने त्याच्याकडे ढकललं. "तुझ्या बहिणीचं लाडकं."

भावाने मला चादरीत गुंडाळलं, लहान मुलाला उचलतात तसं उचललं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसला.

त्याचं घर म्हणजे वजनकाट्यांचं रुग्णालय होतं. दुकानदारांचे काटे, भंगारवाल्यांचे काटे, दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा. त्याच्या कामात घाईला जागा नव्हती. पारड्यात वजन ठेवलं की काटा आधी डोलतो, आणि तो डोलायचा थांबेपर्यंत आकडा वाचायचा नाही, बोटही लावायचं नाही. आयुष्यभर हेच करून त्याचे हात शांत झाले होते. बिट्टीच्या भुवईला टाके घातले होते आणि ती कोणाशीच एक अक्षर बोलत नव्हती. डॉक्टरांशी नाही, आईशीही नाही. शब्द ओठावर यायचाच बंद झाला होता. आईला टाक्यांपेक्षा त्याचीच भीती वाटत होती. रात्री पोरगी झोपली की ती भावाला एकच विचारायची, "आता ती बोलेल ना रे?" भाऊ पोरीचं पांघरूण सारखं करायचा.

काही दिवसांनी त्याने मला टेबलावर घेतलं. शेजारी आई आणि बिट्टी बसल्या. "आपण बाहेरून आत जाऊ," तो म्हणाला. "आधी भिंत, मग तार, मग पोट." भिंतीत वीज आहे का हे त्याने दिवा लावून पाहिलं. माझी तार बदलून पाहिली. मग पोट उघडून, एकेक पाटी काढून तिची टोकं खोडरबराने घासून परत बसवली. जुडग्याचा रुंद प्लग काढल्यावर त्याची पिवळी पडलेली, जळून काळी झालेली तोंडं दिसली.

"हे बघ," तो बहिणीला म्हणाला. "मारलं की हा टेकायचा आणि मारल्यामुळेच परत सुटायचा. शेवटी ठिणग्या उडून जळला."

त्याने फुटलेल्या पडद्याच्या जागी एक वापरलेला पडदा जोडला, नवा डबा आणि नवा प्लग घातला. प्लग दाबताना टक् वाजलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्याने माझी पिन भिंतीत लावायला उचलली, तेव्हा बिट्टीच्या घशातून आवाज आला.

"मा... मामा, त्या... त्या..."

मामाचा हात हवेतच थांबला. कोणी तिला मदत केली नाही, कोणी तिचा शब्द पुरा केला नाही.

"त्या दिवशी प... प... पिन निघाली होती. बा... बाबांच्या पायाने. मी ते... तेच सांगत होते."

आई उठली आणि मागच्या अंगणात गेली. बराच वेळ तिचं रडणं घरात ऐकू येत होतं. परत आली तेव्हा तिने बिट्टीला कुशीत घेतलं आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "तू हे सांगत होतीस? हे सांगत होतीस तू?"

मी सुरू झालो. माझी बरीचशी आठवण गेली होती. तिच्या अक्षरांतली कितीतरी अक्षरं कायमची पुसली गेली. ती मात्र म्हणाली, "राहू दे. मी परत काढीन."

आणि मग एका रविवारी रेडियमवाला आला. केस विंचरलेले, सदरा धुतलेला. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"झालं ते झालं," तो बायकोला म्हणाला. "माझा हात सुटतो, तुला माहितीये. मनात काही नसतं. चल घरी."

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"तू नको येऊस. माझ्या पोरीला घेऊन जातो मी." तो बिट्टीकडे वळला आणि आवाज गोड करून म्हणाला, "येतेस ना बाळा? बाबांबरोबर?"

ती बोलू शकणार नाही हे त्याला माहीत होतं. त्या भरवशावरच तो विचारत होता.

बिट्टीचे खांदे कानापर्यंत गेले. "न... न..."

"बघ, निघते म्हणतेय," तो म्हणाला.

"न... ना... न..."

त्याच्या मांडीवरचा हात वर आला. सवयीने आला, मी शपथेवर सांगतो, त्याला स्वतःलाही तो कळला नसेल. मामाने ते मनगट हवेतच धरलं. जोराने नाही. पण धरलं.

"थांबा," तो म्हणाला. "काटा हलतोय अजून."

सगळे थांबले. त्या खोलीत फक्त माझ्या पंख्याचा आवाज होता. बिट्टीच्या कपाळावर घाम आला होता. तिचं पहिलं अक्षर ओठावर आपटत होतं, मागे जात होतं, पुन्हा येत होतं. बापाला जन्मात पहिल्यांदा तिच्या एका शब्दासाठी बसून राहावं लागलं.

"नाही," बिट्टी म्हणाली. "मी ये... येणार नाही. तुम्ही मा... मारता."

मामाने मनगट सोडलं. रेडियमवाला काही वेळ आपल्या हाताकडे बघत बसला. मग उठला आणि कोणाकडेही न बघता निघून गेला. दारापुढच्या पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र कधी सुरू झालं नाही तर आधी भिंतीतली पिन बघा, मग तार बघा, मग जाणत्या माणसाला बोलवा. मारू नका. मारल्यावर ते सुरू झालं तर तुम्ही फसाल, आणि तसे फसलेले हात पुढे कुठे पोचतात ते मी पाहिलं आहे. आणि माणूस बोलताना अडला तर एवढीसुद्धा शोधाशोध करू नका. नुसते थांबा. तो जे बोलेल ते तुम्हाला आवडेलच असं नाही. तरी थांबा.